टाइमपासवाल्यांनी केला ‘गेम’!

दहा कोटींहून जास्त मशिन्स विकली गेली. लोकांनी ती घरी नेली, डोक्यावर घेतली आणि मग त्यांच्यावर धूळ साचू दिली. पुढचं मॉडेल आलं तेव्हा त्यातले बहुतेक जण दुकानाकडे फिरकलेही नाहीत. सणासुदीला, पाहुणे आले की खेळणाऱ्या ‘कॅज्युअल’ गेमर्सना धरून ठेवणं गेम कन्सोलवाल्या बड्या बड्या कंपन्यांना का जमत नाही? त्यातल्याच एका पळपुट्याचा हा कबुलीजबाब.

डिसेंबर २००८. न्यू जर्सीतलं एडिसन. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. कंपनीच्या कृपेने मी ऑनसाइट होतो. दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही तिघं मराठी पोरं आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले माझे आई-बाबा. दोस्तांनी मोठ्या मनाने एक बेडरूम रिकामी करून हॉलमध्ये गाद्या टाकल्या होत्या.

आईचं बरं चाललं होतं. तीन पोरांना पोळ्या करून घालायच्या, इंडियन स्टोअरमध्ये कढीपत्ता महाग म्हणून हळहळायचं, यात तिचा दिवस जायचा. हाल झाले ते बाबांचे. आख्खी नोकरी पुण्यात पोस्टात काढलेला माणूस. सकाळी फिरायला जायचं, पेपर वाचायचा, संध्याकाळी कट्ट्यावर बसायचं हा नियम. इथे ना कट्टा, ना पेपर. थंडीत फिरणं बंद आणि गाडीशिवाय कुठे जाता येत नाही. खिडकीत बसून ते पार्किंग लॉटमधल्या गाड्या बघायचे. चौथ्या आठवड्यात म्हणाले, ‘‘तिकीट जरा अलीकडचं मिळतंय का बघ.’’

त्या शनिवारी रात्री माझ्या रूममेटने त्यांच्या हातात एक पांढरा रिमोट ठेवला. ‘‘काका, गोट्या खेळलायत ना? मग झालं. हे बटण दाबून धरायचं, हात मागे न्यायचा आणि पुढे आणताना सोडायचं.’’

बाबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. पहिला बॉल नालीत. दुसराही नालीत. तिसऱ्याला दहाच्या दहा पिना आडव्या! बाबा असे ओरडले, की खालच्या मजल्यावरचा भाडेकरू दार वाजवायला आला.

पुढचे दोन महिने रोज रात्री जेवणं झाली की बोलिंग. बाबांनी तर पोस्टातल्या सवयीने एक वही घातली. तारीख, खेळणाऱ्याचं नाव, स्कोअर आणि शेवटी सही. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

ते मशीन होतं निन्टेन्डोचं ‘वी’. २००८च्या सुरुवातीला मी ते दुकान उघडायच्या आधीपासून रांगेत कुडकुडत उभं राहून मिळवलं होतं. तेव्हा अमेरिकेत वीची इतकी टंचाई होती, की ‘मिळालं का?’ एवढंच लोक विचारायचे.

फेब्रुवारीत आई-बाबा परत गेले. मार्चमध्ये एकदा टीव्हीच्या रिमोटचे सेल संपले. मी वीच्या रिमोटमधले काढून त्यात घातले.

परत कधीच बदलले नाहीत.

‘हे तर आपल्यालाही जमेल!’

आता जरा फ्लॅशबॅक. निन्टेन्डो ही जपानमधल्या क्योतोची कंपनी. १८८९ साली ‘हानाफुदा’ नावाचे जपानी पत्ते छापण्यापासून सुरुवात केलेली. मारिओ नावाच्या मिशीवाल्या प्लंबरमुळे जगभर पोहोचलेली. पण २००० नंतर तिचे दिवस फिरले होते. तिच्या गेमक्यूब या कन्सोलची जगभरात जेमतेम २ कोटी १७ लाख विक्री झाली. समोर सोनीचं प्लेस्टेशन २, ज्याने पुढे १५ कोटींचा टप्पा ओलांडला. मैदानात मायक्रोसॉफ्टही एक्सबॉक्स घेऊन उतरलेली.

कंपनीचे प्रेसिडेंट होते सातोरू इवाता. २००२ मध्ये अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ते या खुर्चीवर बसले. मूळचा प्रोग्रॅमर माणूस. त्यांनी प्रश्नच बदलला. सोनीचं गिऱ्हाईक कसं पळवायचं, हा विचार सोडून ज्यांनी आयुष्यात कधी गेम खेळलेलाच नाही, त्यांचं काय, असं ते विचारू लागले. गृहिणी, आजी-आजोबा, ऑफिसातून थकून येणारे लोक. म्हणजे गेमिंगचं गाव वाढवायचं, आहे त्याच गावात मारामारी करायची नाही.

या मंडळींना घाबरवणारी मेन गोष्ट कोणती? तर कंट्रोलर. दोन काठ्या आणि डझनभर बटणं. हातात घेतला की पायलटची परीक्षा द्यायला बसल्यासारखं वाटतं. वीचा कंट्रोलर मात्र टीव्हीच्या रिमोटसारखा. टेनिस खेळायचंय? रॅकेट फिरवतो तसा हात फिरव. मॅन्युअल कशाला वाचायचं?

टेक्नॉलॉजीही काही चंद्रावरची नव्हती. हाताची हालचाल ओळखणारा सेन्सर आणि रिमोटच्या टोकाला एक छोटा इन्फ्रारेड कॅमेरा. टीव्हीवर ठेवायची ती ‘सेन्सर बार’ नावाची पट्टी म्हणजे तर नुसते इन्फ्रारेड दिवे. पट्टी बिघडली की लोक दोन मेणबत्त्या लावून खेळायचे आणि ते चालायचंही!

नोव्हेंबर २००६ मध्ये वी अमेरिकेत आलं ते २५० डॉलर्सना. त्याच महिन्यात आलेलं प्लेस्टेशन ३ होतं ५०० आणि ६०० डॉलर्सचं. वर जपानबाहेर बहुतेक ठिकाणी वीच्या खोक्यातच ‘वी स्पोर्ट्स’ फुकट. टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग. पुढचं चित्र बघण्यासारखं होतं. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांमध्ये बोलिंगच्या स्पर्धा भरायला लागल्या. हॉस्पिटलांमध्ये पेशंटचा हात चालता व्हावा म्हणून वी वापरलं जाऊ लागलं. उत्साहाच्या भरात रिमोट हातातून निसटून टीव्हीवर जाऊन आदळायचे. डिसेंबर २००६ मध्ये निन्टेन्डोने मनगटात अडकवायच्या ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवली!

शेवटचा हिशेब : १० कोटी १६ लाख वी. आणि त्यानंतर २०१२ मध्ये आलेलं ‘वी यू’? साधारण १ कोटी ३६ लाख. म्हणजे दर सात वीमागे एक वी यूसुद्धा नाही.

मग ते पावणेनऊ कोटींहून जास्त लोक गेले कुठे?

पोट भरलं की राव

पहिलं कारण माझ्याच कपाटात होतं. माझ्याकडे वीचे गेम किती? तीन. वी स्पोर्ट्स मशीनबरोबर फुकट आलेला. वी प्ले जादा रिमोट घेतला म्हणून त्याच्याबरोबर आलेला. आणि मारिओ कार्ट. म्हणजे दुकानात जाऊन, मनापासून, पैसे मोजून घेतलेला गेम एकच.

आता कन्सोलच्या धंद्याचा फंडा बघा. यातला पैसा मशीनपेक्षा गेममध्ये असतो. रेझर स्वस्तात देऊन ब्लेडवर कमवायचं, तसं. सोनी आणि मायक्रोसॉफ्टने तर सुरुवातीला मशीन तोट्यात विकली. निन्टेन्डोने वीच्या खोक्यावरही कमावलं, पण बाहेरच्या ज्या कंपन्या वीसाठी गेम बनवत होत्या, त्यांचं पोट गेमच्याच विक्रीवर. आणि त्यांच्या नशिबी आलो आम्ही, एका बोलिंगवर दोन महिने काढणारे!

यात कोणाचं काय चुकलं? म्हटलं तर कोणाचंच नाही. वी स्पोर्ट्स हा इतका नेमका, इतका पोटभर गेम होता, की पुढची भूकच लागली नाही. घरात एक कॅरम असताना दुसरा कॅरम कोण घेतं? हार्डकोअर गेमरला गोष्ट पुढे काय होते ते हवं असतं, नवी लढाई हवी असते, मित्रांच्या आधी गेम संपवायचा असतो. आम्हाला हवी होती एक बरी संध्याकाळ. ती मिळाली.

त्यात वीचं चाललंय म्हटल्यावर हौशे-नवशे-गवशे सगळेच उतरले. दुकानातले शेल्फ ‘पार्टी गेम्स’नी भरून गेले. खोक्यावर हसणारं कुटुंब आणि आत घाईघाईत उरकलेला माल. हार्डकोअर गेमर रिव्ह्यू वाचतो, त्यामुळे तो फसत नाही. आम्ही खोक्यावरचं चित्र बघून घेणारे. असा माणूस एकदा फसला, की भांडत नाही, तक्रार करत नाही. तो सरळ त्या गल्लीत जायचंच बंद करतो.

‘वी फिट’ची गोष्ट आणखी मजेदार. गेम डिझायनर शिगेरू मियामोटो घरी रोज स्वतःचं वजन करून नोंद ठेवायचे, त्यातून ही कल्पना निघाली. वजनकाट्यासारखी पाटी, तिच्यावर उभं राहून योगा करायचा. जगभरात २ कोटी २६ लाख विक्री. माझ्या दुसऱ्या रूममेटने हौसेने आणली. पहिल्याच दिवशी पाटीने वजन घेतलं आणि स्क्रीनवरचा त्याचा बाहुला टुमकन फुगला. आई म्हणाली, ‘‘अरे, पैसे देऊन कोणी बोलणी खातं का?’’ आठवड्याभरात पाटी सोफ्याखाली. आपल्याकडे जानेवारीत भरलेली जिमची वर्षाची फी आणि वी फिट, दोघांची जात एकच.

पाच मिनिटांचा शत्रू

दुसरं कारण आमच्या खिशात होतं. २००७ मध्ये आयफोन आला. जुलै २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं. २००९ मध्ये फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ची शेती सुरू झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ‘अँग्री बर्ड्स’ आला. किंमत? एक डॉलरला एक सेंट कमी.

जरा तुलना करा. वीवर खेळायचं तर टीव्ही रिकामा हवा. टीपॉय सरकवायला हवा. रिमोटमध्ये सेल हवेत. आणि मुख्य म्हणजे, बरोबर खेळायला माणसं हवीत. फोनवर खेळायला काय हवं? लिफ्टची वाट बघतानाची दोन मिनिटं. मीटिंग लांबली तर दहा.

निन्टेन्डो प्लेस्टेशनकडे बघत बसली नव्हती, हे मान्य. पण ज्यांना तिने गेमची गोडी लावली, त्यांच्यासाठी ॲपलचं दुकान आपसूक उघडलं गेलं. ‘आपल्यालाही गेम खेळता येतो’ हा कॉन्फिडन्स वीने दिला आणि त्याचे पैसे फोनवाल्यांनी वसूल केले. सासरी शिकलेली पोरगी माहेरी जाऊन दुकान थाटते, तसं!

आकडेच बघा. मार्च २००९ला संपलेल्या वर्षात वीची विक्री होती जवळपास २ कोटी ६० लाख. पुढच्या वर्षी २ कोटी ५ लाख. मग दीड कोटी. मग ९८ लाख. दरवर्षी अर्ध्या कोटीच्या जवळपासची एक पायरी खाली उतरत गेल्यासारखी.

हातात धरून खेळायच्या निन्टेन्डो डीएसचंही तेच. ‘ब्रेन ट्रेनिंग’सारखी कोडी आणि ‘निन्टेन्डॉग्ज’मधली कुत्र्याची पिल्लं घेऊन त्याने १५ कोटी ४० लाखांची मजल मारली. पण त्यानंतर २०११च्या मार्चमध्ये ३डीएस हा वारसदार अमेरिकेत २५० डॉलर्सना आला आणि ऑगस्टमध्ये त्याची किंमत १७० वर आणावी लागली. तेव्हा इवातांनी स्वतःचा पगार निम्मा कापून घेतला. मार्च २०१२ला संपलेल्या वर्षात कंपनीने वार्षिक तोटा दाखवला. आमच्यासारख्या टाइमपासवाल्यांनी केवढ्याला पाडलं बघा!

सोडून जाताना मागे काय राहतं?

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त पटतं. आपण बँक का बदलत नाही? प्रेम असतं म्हणून नाही. सॅलरी अकाउंट, ईएमआय, आईचं नॉमिनेशन, हे सगळं हलवायचा कंटाळा येतो म्हणून. मोबाइल नंबर वर्षानुवर्षं तोच का? कारण तो सगळ्यांकडे आहे.

एक्सबॉक्स ३६०ने नोव्हेंबर २००५ मध्ये नेमकं हेच केलं. प्रत्येक खेळाडूचं एक नाव, मित्रांची यादी आणि काहीही पराक्रम केला की वाढणारा ‘गेमरस्कोअर’. वर्षभर खेळलं की तो आकडा तुमचा होतो. दुसऱ्या कंपनीचं मशीन घ्यायचं म्हणजे तो सोडायचा, मित्र सोडायचे. २००८ मध्ये प्लेस्टेशन ३नेही ‘ट्रॉफी’ आणल्या.

आणि वीवर? मित्राशी ऑनलाइन खेळायचं तर प्रत्येक गेमचा वेगळा बारा आकडी ‘फ्रेंड कोड’. तो कागदावर लिहून घ्यायचा, त्याने आपला लिहून घ्यायचा, दोघांनी आपापल्या मशीनमध्ये भरायचा. आमच्या पिढीला आख्ख्या जन्मात बारा आकडे पाठ झाले नाहीत. त्यामुळे वी सोडताना मागे काय राहिलं? कोणाचंच काही नाही.

चुकलो. माझं एक राहिलं.

वीवर प्रत्येकाचा एक छोटा कार्टूनसारखा बाहुला करता यायचा, ‘मी’ नावाचा. (नाव ऐकून बाबा म्हणाले होते, ‘‘अरे वा, हे तर मराठी आहे!’’) एका रविवारी आम्ही तासभर बसून बाबांचा बाहुला केला. टक्कल, चौकोनी चष्मा, जाड मिशी. भुवया तीनदा बदलल्या. आई लांबून सूचना देत होती. शेवटी जो तयार झाला तो इतका हुबेहूब, की आई पदर तोंडाला लावून हसत सुटली.

२०१०ला प्रोजेक्ट संपला. परत येताना मी मशीन शेजारच्या गुजराती कुटुंबाला देऊन टाकलं. त्यांच्याकडे दोन लहान मुलं होती. बाबांचा बाहुला आतच होता. तेव्हा डोक्यातही आलं नाही.

२०१९ मध्ये बाबा गेले. त्यानंतर कधीतरी वाचताना कळलं, की वी यूमध्ये जुन्या वीवरचे बाहुले, सेव्ह केलेले गेम, सगळं हलवायची सोय होती. फक्त दोन्ही मशिन्स शेजारी ठेवायची, एक मेमरी कार्ड आत-बाहेर करायचं आणि प्रोग्रॅम चालवायचा. मी दोन मिनिटं तसाच बसून राहिलो. ही एक गोष्ट २०१०च्या आधी कोणी माझ्या कानावर घातली असती, की हा बाहुला पुढे नेता येणार आहे, तर ते खोकं मी बायकोचा ओरडा खाऊन पुण्याला आणलं असतं आणि नव्या मशीनच्या रांगेत पहिला उभा राहिलो असतो.

माझ्या मते, कॅज्युअल गेमरलाही बांधून ठेवणारा धागा असतो. फक्त तो स्कोअरचा नसतो. कंपनीच्या हातात तो धागा होता आणि तिने तो केबल आणि मेमरी कार्डाच्या भाषेत सांगितला.

नावात काय आहे? सगळं!

चौथं कारण तर हसावं की रडावं असं. वी यूचं नाव. टॅब्लेटसारखा स्क्रीनवाला मोठा कंट्रोलर आणि नाव काय, तर जुन्याच नावाला एक अक्षर जोडलेलं. गेमिंगची मासिकं वाचणाऱ्यांना कळलं, की हे नवं कन्सोल आहे. बाकीच्यांना वाटलं, आपल्या वीला लावायचं काहीतरी नवीन निघालंय. मी त्याच बाकीच्यांमध्ये. जाहिरात बघून मी मित्राला म्हटलंही होतं, ‘‘बरं झालं, वी देऊन टाकलं, नाहीतर आता हाही खर्च आला असता.’’

किंमत ३०० आणि ३५० डॉलर्स. एकदा चालवून बघितलं की कळेल, असा बोलिंगसारखा गेमही नाही. टीव्हीवर एक बघायचं, हातात दुसरं, हे सासूबाईंना दहा सेकंदांत कसं समजवणार? मार्च २०१४ला संपणाऱ्या वर्षात ९० लाख वी यू विकू, असा निन्टेन्डोचा अंदाज होता. जानेवारीत तो २८ लाखांवर आणावा लागला. इवातांनी पुन्हा पगार निम्मा केला.

गंमत अशी, की तोपर्यंत पक्के गेमर्सही रुसले होते. वीचं चित्र हाय डेफिनिशन नव्हतं, त्यामुळे मोठमोठे गेम तिकडे प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर गेले. नव्या पाहुण्यांच्या सरबराईत घरचे उपाशी राहिले. पाहुणे निघून गेले आणि घरच्यांनी शेजारी जेवण लावलेलं!

सगळ्यांचाच हात पोळला

ही एकट्या निन्टेन्डोची कहाणी नाही हं. नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘किनेक्ट’ आणलं. हातात रिमोटही नको, कॅमेऱ्यासमोर नुसतं नाचायचं. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख खपले आणि गिनीज बुकात नोंद झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स वनच्या खोक्यात मायक्रोसॉफ्टने ते सक्तीने घातलं आणि किंमत लावली ५०० डॉलर्स. प्लेस्टेशन ४ होतं ४०० चं. जून २०१४ मध्ये किनेक्टशिवायचं खोकं बाजारात आणावं लागलं. २०१७ मध्ये किनेक्टचं उत्पादनच बंद.

‘गिटार हीरो’ आठवतो? २००५ मध्ये आला. प्लॅस्टिकची गिटार गळ्यात अडकवून जो तो रॉकस्टार. मग दरवर्षी नवे भाग, नव्या गिटारी, ड्रम्स. घरात प्लॅस्टिकचा ढीग. फेब्रुवारी २०११ मध्ये कंपनीने ही मालिका गुंडाळली. साधं गणित होतं. वर्षातून चार वेळा पार्टी करणाऱ्या माणसाला वर्षातून दोन गिटारी लागत नाहीत.

खरंच बेईमान आहोत का आपण?

आता मुद्द्याचं. मला ‘कॅज्युअल’ या शब्दाचाच राग येतो. माझी आई घ्या. २०१३ च्या सुमारास माझ्या जुन्या फोनवर तिने ‘कँडी क्रश’ सुरू केला. आज चार आकडी लेव्हलवर आहे. दुपारी चहा झाला की अर्धा तास. फोन तीनदा बदलला, पण दर वेळी पहिला प्रश्न एकच : ‘‘माझं कँडी क्रश येईल ना रे त्यात?’’ दहा वर्षांहून जास्त काळ एकच गेम रोज खेळणाऱ्या बाईला तुम्ही कॅज्युअल म्हणणार? मग पक्का गेमर कोण?

म्हणजे निष्ठा आहे. फक्त ती खोक्याशी नाही. आई त्या अर्ध्या तासाशी एकनिष्ठ आहे. बाबा एडिसनच्या त्या हॉलशी एकनिष्ठ होते. पुण्याला परतल्यावर त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, की ते मशीन कसं आहे. विचारायचे ते, ‘‘ती दोघं पोरं कशी आहेत रे? लग्नं झाली का?’’

कंपन्यांचा गोंधळ इथे होतो. हार्डकोअर गेमर गेमसाठी माणसं शोधतो. आपण माणसांसाठी गेम शोधतो. माणसं पांगली की गेम संपला. त्यानंतर तुम्ही कितीही भारी प्रोसेसर घाला, बॉस, उपयोग नाही.

निन्टेन्डोला हे अखेर उमगलं असावं. मार्च २०१७ मध्ये आलेला ‘स्विच’ घरातल्यांसाठी वेगळा आणि पक्क्यांसाठी वेगळा, असा नव्हताच. टीव्हीला लावा, नाहीतर उचलून गाडीत घेऊन जा. कंट्रोलर सुटून दोन होतात, एक शेजारच्याला द्या. तुमची खरेदी तुमच्या अकाउंटला बांधलेली. मार्च २०२० मध्ये जग घरात कोंडलं गेलं, त्याच महिन्यात ‘ॲनिमल क्रॉसिंग’ आला. आपलं एक बेट, तिथे झाडं लावायची, मित्रांना बोलवायचं. सहा आठवड्यांत १ कोटी ३४ लाख प्रती खपल्या. स्विचने १५ कोटींचा आकडा पार केला. हे बघायला इवाता मात्र नव्हते. ११ जुलै २०१५ला, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते गेले.

आणि आता स्विच २. जून २०२५ मध्ये अमेरिकेत ४५० डॉलर्सना आला, मारिओ कार्टचा नवा गेम एकटाच ८० डॉलर्सचा. पहिल्या चार दिवसांत ३५ लाख खपले. पण पहिल्या चार दिवसांत घेणारे आपल्यासारखे नसतात. आपण येतो दोन-तीन वर्षांनी, कोणाच्या तरी घरी बघून. खरी परीक्षा तेव्हा.

परवा माझा भाचा घरी आला होता. फोनवर स्विच २चे व्हिडिओ दाखवत होता. ग्राफिक्स, फ्रेम रेट, स्टोरेज, काय काय सांगत होता. आई शेजारी भाजी निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘ते असू दे. एका वेळी किती जणांना खेळता येतं?’’

भाचा म्हणाला, ‘‘चौघं खेळू शकतात, आजी.’’

आई उठली. कपाटातून बाबांची ती स्कोअरची वही काढून टेबलावर ठेवली. मागची पानं अजून कोरी आहेत.

मी सेल आणायला सांगितले. मग आठवलं, हल्ली ते चार्जिंगवर असतं.

तुम्ही कॅज्युअल गेमर आहात, जर...

* शेवटचा विकत घेतलेला गेम कोणता, हे आठवायला दहा सेकंदांपेक्षा जास्त लागतात.
* घरातला कन्सोल फक्त पाहुणे आल्यावर चालू होतो आणि तेव्हा आधी तासभर अपडेट होत बसतो.
* एक कंट्रोलर सापडत नाही. जो सापडतो तो चार्ज नसतो.
* ‘मी गेम खेळत नाही’ असं तुम्ही म्हणता, पण वर्डलचं रोजचं कोडं चुकलं तर दिवस खराब जातो.
* नवीन कन्सोल घ्यायचा विचार दर दिवाळीत येतो आणि भाऊबीजेपर्यंत टिकतो.

पाचपैकी तीन जमले? अभिनंदन. जगातल्या बलाढ्य कंपन्या रात्रंदिवस तुमचाच विचार करताहेत. आणि तुम्ही त्यांचा नाही, हेच त्यांचं दुखणं आहे!